आधीच घेतलेत त्यांनी

"बाबा, राहू द्या. आधीच घेतलेत त्यांनी." मी एवढंच म्हणाले आणि म्हणता म्हणता बाबांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्या बोटांत पाच डॉलरची नोट होती. उभी-आडवी घडी घालून पोस्टाच्या तिकिटाएवढी केलेली. कुणाला पैसे द्यायचे असले की ते अशीच घडी घालतात, म्हणजे घेणाऱ्याच्या हातात आकडा दिसत नाही. उजवा हात पुढे होता, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला टेकलेली. समोर आमची वेट्रेस बिलाचं काळं फोल्डर उचलायला वाकली होती. तिला मराठीचा एक शब्द कळला नसेल, पण मनगटावर ठेवलेल्या हाताला भाषा लागत नाही. तिने नोटेकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि हसून फोल्डर घेऊन गेली. बाबांनी नोट शर्टाच्या खिशात टाकली. ते काही बोलले नाहीत.

ऑर्लँडोतल्या एका थीम पार्कमधला आमचा तो तिसरा दिवस होता. जुलै 2025. दुपारी तीनच्या सुमाराला तिथे उन्हाळ्यात जसा रोज कोसळतो तसा पाऊस कोसळून गेला होता आणि प्लास्टिकचे रेनकोट घालूनही आम्ही सगळे भिजलो होतो. आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांचा मुलगा, मी, नवरा आणि आमची लेक. आठ माणसं. साठ दिवस आधी धरून ठेवलेलं टेबल होतं म्हणून जागा मिळाली, नाहीतर बाहेर दीड तासाची रांग. आत शिरलो तर एसीचा गारठा अंगावर आला. ओल्या बुटांचा, सनस्क्रीनचा आणि तळलेल्या बटाट्यांचा मिळून एक वास. आई साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर ओढून कुडकुडत बसली होती. तिला अंडंही चालत नाही. मेनूतलं सूप भाज्यांचं होतं, पण ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलं असेल ही शंका तिला असतेच, आणि अमेरिकेत ती बहुतेक वेळा खरी निघते.

वेट्रेसच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली गावाचं नाव होतं : पॉन्से, पोर्तो रिको. ती आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. वरून खाली बघत बोलली नाही, आईच्या डोळ्यांच्या पातळीला आली. मी इंग्रजीत सांगत होते, तरी ती बघत आईकडेच होती. आत जाऊन विचारून आली : सूपमध्ये चिकन आहे. मग भाताचं काय, म्हणून पुन्हा आत गेली. दुसऱ्यांदा आली ती एका बोलमध्ये काळा घेवडा आणि पांढरा भात वेगळा करवूनच, आणि सोबत कपभर गरम पाणी, त्यात लिंबाची फोड. गरम पाणी कुणीही मागितलं नव्हतं. आईने दोन्ही तळहात कपाभोवती धरले. "बघ गं, पोरीला न सांगता कळलं," ती म्हणाली. मला वाटतं बाबांनी त्याच क्षणी मनात पाच डॉलर बाजूला काढले असावेत.

मग बिल आलं. बाबांना बिल वाचायची सवय आहे. चोवीस वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसाला कुठलाही कागद नुसता बघून बाजूला ठेवता येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट एकेका ओळीवरून सरकवत गेले. जेवण 312 डॉलर. विक्रीकर साडेसहा टक्के, 20.28. आणि मध्येच एक ओळ : ग्रॅच्युइटी 18 टक्के, 56.16. "ग्रॅच्युइटी?" ते थबकले. "ती निवृत्त होतेय का?" दादा हसला, पण बाबा मनापासून विचारत होते. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना हातात येणारी रक्कम. बाबांच्या वेळी 1972चा कायदा होता, पाच वर्षं सेवा झाली की मिळायची. बाबांना त्यांची मिळाली तेव्हा त्यांनी तो चेक आधी देवापुढे ठेवला होता, पण कुणाचे आभार मानले नव्हते. मानायचं कारणच नव्हतं, ते त्यांचे पैसे होते. मी त्यांना सांगितलं, इथे ग्रॅच्युइटी म्हणजे टिप. माणसं जास्त असली की ती बिलातच धरतात. त्यांनी मान हलवली. एकूण 388.44. त्याखाली आणखी एक रिकामी रेघ होती, जादा टिपेसाठी. नवऱ्याने त्या रेघेवर आडवी काट मारून सही केली. ते बाबांनी पाहिलं, आणि मग त्यांचा हात खिशाकडे गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं चुकलं असं हिशोबाने म्हणता येत नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डसारख्या ठिकाणी टेबलावर बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के आपोआप लागतात. फ्लोरिडाच्या कायद्याने ही गोष्ट मेनूवर आणि बिलाच्या दर्शनी बाजूला छापावी लागते. छापलेली असतेही. पण दिवसभर बारा-पंधरा हजार पावलं चाललेला, एका हातात पेंगुळलेलं पोर आणि दुसऱ्या हातात ओला रेनकोट धरलेला माणूस ती ओळ वाचत नाही. खाली रिकामी रेघ दिसली की सवयीने वीस टक्के लिहून मोकळा होतो. आमच्या बिलावर तसं झालं असतं तर छप्पन्नवर आणखी बासष्ट डॉलर चढले असते. हे टाळण्यासाठीच मी सगळ्यांना आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं. या सहलीची टिपखात्याची जबाबदारी माझ्याकडे होती.

आणि ती जबाबदारी सोपी नव्हती. पहिल्या दिवसापासून बाबा प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होते. पॉपकॉर्नच्या गाडीवाल्याला द्यायचे का? नाही. काउंटरवर जाऊन, फोनवर ऑर्डर देऊन, आपलं ताट आपण उचलून आणायचं असेल तिथे? तिथेही नाही. टेबलापाशी येऊन मुलांना मिठी मारणाऱ्या, मोठ्या डोक्याच्या उंदराला? त्याला तर मुळीच नाही. आणि बुफे? ताट आपण वाढून घेतलं तरी तिथे कुणीतरी पाणी आणतं, सरबत पुन्हा भरतं, आपण दुसरं ताट वाढून घेऊन येईपर्यंत पहिलं उचललेलं असतं, खुर्चीखाली पोरांनी सांडलेला भात झाडतं. तिथे द्यायचे, आणि माझ्या मते टेबलावर वाढणाऱ्याइतकेच द्यायचे. काही ठिकाणी, म्हणजे डिस्नेच्या फोर्ट वाइल्डरनेसमध्ये 1974पासून जो गाण्यांचा आणि जेवणाचा कार्यक्रम चालतो तिथे, तिकिटातच कर आणि टिप दोन्ही धरलेलं असतं. बिल येतच नाही. जेवा, टाळ्या वाजवा, घरी जा. बाबांना ही पद्धत फार आवडली. "सगळीकडे असंच का नाही करत?" त्यांनी विचारलं, आणि लगेच पुढचा प्रश्न : "पण मग यांना पगार कोण देतं?"

हा प्रश्न बाबा विचारू शकतात, कारण ते बाहेरून आले आहेत. मला इथे तेवीस वर्षं झाली, आणि हा प्रश्न पडायचा बंद झाला आहे याचीही मला जाणीव राहिलेली नाही. मी त्यांना सांगितलं ते असं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतात, बाकीचं टिपेतून भरून निघालं पाहिजे. हा आकडा 1991पासून हललेला नाही. फ्लोरिडा त्या मानाने बरा. आम्ही गेलो तेव्हा तिथलं किमान वेतन ताशी 13 डॉलर होतं आणि टिपवाल्यांसाठी 9.98. त्या सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही आकडे एकेका डॉलरने वाढले. मधला फरक 3.02 डॉलरचा, तो मात्र कायम, कारण राज्याच्या घटनेत तो 2003च्या हिशोबाने बांधून टाकला आहे. म्हणजे आम्ही त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक तासातले तीन डॉलर आणि दोन सेंट मालकाने आमच्यावर सोपवलेले होते. "म्हणजे पगाराचा तुकडा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर," बाबा म्हणाले. मी हो म्हणाले.

यामागचा इतिहास त्यांना बसमध्ये सांगितला. यादवी युद्ध संपल्यावर रेल्वेच्या झोपायच्या डब्यांचा धंदा करणाऱ्या पुलमन कंपनीने नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना हमाल आणि चाकर म्हणून घेतलं. पगार इतका तुटपुंजा की प्रवाशांच्या टिपेशिवाय घर चालू नये. त्या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने संघटना उभी केली आणि कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. मधल्या काळात काही राज्यांनी टिप देण्यावर बंदीही आणली होती. वॉशिंग्टन राज्याने सर्वांत आधी, 1909मध्ये. 1926पर्यंत ते सगळे कायदे गेले, टिप राहिली. बाबा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. एवढ्या मोठ्या इतिहासापेक्षा त्यांना त्या मुलीने भात वेगळा करवून आणला याचंच अप्रूप जास्त होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि थोडा रागही आला.

पण झोप उडाली ती या सगळ्यामुळे नव्हे. मला एक जुनी संध्याकाळ आठवत होती, आणि ती आठवत असताना मी बाबांचा हात धरला होता याचं मला वाईट वाटत होतं.

2003 साल. विद्यार्थी म्हणून आले होते, व्हिसाच्या अटींमुळे विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नव्हतं. आवारातच एक मोठा हॉल होता, तिथे माजी विद्यार्थ्यांची लग्नं, सत्कार, देणगीदारांची जेवणं होत. ताशी 7 डॉलरवर मी तिथे ताटं वाहायचे. काळी पँट, पांढरा शर्ट, आणि खांद्यावर तोलायचा तो अंडाकृती ट्रे, ज्यावर दहा-दहा झाकलेल्या प्लेटा असत. पहिल्या महिन्यात माझ्या डाव्या खांद्यावर त्या ट्रेच्या कडेचा वळ कायम असायचा. तिथल्या करारात जेवणाच्या रकमेवर 20 टक्के सेवा शुल्क असे. पाहुण्यांना वाटे ते आम्हाला मिळतं. त्यामुळे कुणी काही ठेवत नसे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. आम्हाला त्यातला एक सेंटही मिळत नव्हता. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, भांडी धुणाऱ्या एका वयस्क बाईंकडून, तेही अगदी सहज, साबणाचा फेस कोपरापर्यंत चढलेला असताना.

आणि यात बेकायदा काही नव्हतं, हे मला फार नंतर समजलं. टिप आणि सेवा शुल्क या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जाती आहेत. टिप ही कामगाराची. 2018च्या दुरुस्तीनंतर मालकाला तिला हात लावता येत नाही. सक्तीने लावलेली रक्कम मात्र मालकाची मिळकत. ती कामगारांना वाटली तर ती त्यांचा पगार होते, आणि वाटायची की नाही हे मालक ठरवतो. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने 2012मध्ये याची कसोटी स्पष्ट केली आणि 2014पासून ती काटेकोरपणे लावायला सुरुवात केली : पैसे सक्तीशिवाय दिले का, किती द्यायचे हे गिऱ्हाइकाने ठरवलं का, मालकाच्या नियमाने तर ठरलेलं नाही ना, आणि ते कुणाला जावेत हे सांगायचा हक्क देणाऱ्याला होता का. बिलावर ग्रॅच्युइटी लिहा नाहीतर आणखी काही, गिऱ्हाइकाला ती बदलता येत नसेल तर ती टिप नव्हे. आम्ही ऑर्लँडोला पोचायच्या काही दिवस आधीच, 4 जुलैला, नवीन करकायद्यावर सही झाली होती. त्यात 2025 ते 2028 या वर्षांसाठी कामगारांना वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या टिपेवर केंद्रीय प्राप्तिकरातून वजावट मिळाली, पण फक्त स्वेच्छेने दिलेल्या टिपेवर. बदलता न येणारे अठरा टक्के त्यात बसत नाहीत. बाबांची ती घडी घातलेली नोट बसली असती.

त्या हॉलमधली ती संध्याकाळ म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. टेबल क्रमांक सहा. एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. तिच्या हाताला कंप होता म्हणून मी तिचं मांस कापून दिलं होतं. मला स्वतःला मांसाचा वास तेव्हा सहन होत नसे. श्वास धरून कापलं, बारीक तुकडे केले, आणि काटा तिच्या उजव्या हाताशी ठेवला. जाताना ती माझ्यापर्यंत चालत आली. ते अंतर तिच्यासाठी खूप होतं. तिने माझा हात उघडला, त्यात काहीतरी ठेवलं आणि माझीच बोटं मिटवली. तिचे तळहात थंड आणि कागदासारखे होते. पँट्रीत जाऊन पाहिलं तर पाच डॉलर. मी बर्फाच्या मशीनमागे उभी राहून रडले. तेव्हा मला आठ महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

हे मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. मी ताटं वाहते हेच त्यांना माहीत नव्हतं. ग्रंथालयात काम करते असं कळवलं होतं.

बिलात धरलेल्या अठरा टक्क्यांविरुद्ध मी नाही. उलट ते मला हवेच आहेत. पार्कमध्ये जगभरातून माणसं येतात. ज्यांच्या देशात टिप देणं म्हणजे अपमान अशी माणसंही येतात, आणि त्यांनी न दिल्याची झळ पॉन्सेहून आलेल्या मुलीने सोसावी हे बरोबर नाही. मोठ्या घोळक्यात तर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी ठेवले असतील. आठ जणांचं टेबल दीड तास अडकवून आम्ही उठून गेलो असतो आणि तिच्या हाती काही नसतं, तर त्या संध्याकाळचं तिचं नुकसान भरून निघायला रात्र अपुरी पडली असती. तिचं घरभाडं आमच्या मूडवर अवलंबून असू नये. बाबांची ग्रॅच्युइटी कुणा साहेबाच्या मर्जीवर नव्हती, तशीच. माझं म्हणणं इतकंच, की ती रक्कम खरोखर तिला मिळते का हे विचारून घ्यावं. मी आता विचारते. फोल्डर घ्यायला आलेल्या माणसालाच, हळू आवाजात : हे तुम्हाला मिळतात ना? आजवर कुणी रागावलेलं नाही. एक-दोघांनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, आणि तेवढ्यात मला उत्तर कळलं.

पण त्या संध्याकाळी मी तिला विचारलंही नव्हतं. "आधीच घेतलेत" म्हणून मोकळी झाले. घेतले होते ते ताटं आणण्याचे. ती दोनदा आत गेली, गरम पाणी घेऊन आली, गुडघ्यांवर बसली, ते अठरा टक्क्यांत आलं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कधी वाटतं आलं, तो तिच्या कामाचाच भाग आणि त्याचे पैसे वेगळे मोजणं हाच तिचा अपमान. कधी वाटतं बाबा ते मोजत नव्हतेच. पैसे टेबलावर ठेवून निघून जाणं त्यांना कधी जमलं नाही. ठेवले म्हणजे टाकले, असं ते म्हणतात. त्यांना समोर उभं राहून, बघून, हातात द्यायचे असतात. पाच डॉलरपैकी पाचही गेले असते तरी खरं जे द्यायचं होतं ते त्या दोन सेकंदांच्या बघण्यात होतं. आणि नेमकं तेच मी मनगट धरून थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं हॉटेलच्या तलावात उतरली होती. बाबा खुर्चीवर टॉवेल अंथरून बसले होते, पाय उन्हात, डोकं सावलीत. क्लोरीनचा वास आणि कालच्या पावसाचं अजून न वाळलेलं पाणी. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ट्रे, खांद्यावरचा वळ, वीस टक्के, ती म्हातारी, तिचे कागदासारखे तळहात. बर्फाच्या मशीनचं तेवढं सांगितलं नाही. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. ग्रंथालयाबद्दलही काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग त्या पाच डॉलरचं काय केलंस?"

"फोन कार्ड घेतलं, बाबा. तेव्हा ती खरवडून नंबर काढायची कार्डं मिळायची ना, पाच डॉलरची. तुम्हाला फोन केला होता."

"कधी?"

"रविवारी. तुमच्याकडे सकाळ होती. तुम्ही विचारलंत, इतका वेळ कशी बोलतेस, पैसे पडतील."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. नोट कालचीच होती, आहे तशी. त्यांनी ती पूर्ण उलगडली, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली, आणि पुन्हा त्याच घड्यांवरून दुमडायला लागले.

"ते रेस्टॉरंट," ते म्हणाले, "सकाळी किती वाजता उघडतं?"